वाचता न येणाऱ्या मुलाला घरी शिकवण्यासाठी परवडणारी ऑनलाइन साधने कोणती?

सांजवारा

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला अजून वाचता येत नाही. अनोळखी तीन अक्षरी शब्द समोर आला की तो थांबतो, शेजारच्या चित्राकडे पाहतो, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहतो आणि अंदाजाने काहीतरी बोलून टाकतो. गेल्या वर्षी आम्ही त्याला शाळेतून काढले आणि घरीच शिकवू लागलो, कारण फळ्यावरचे उतरवून घेणे आणि पाळीपाळीने मोठ्याने वाचणे या दोन गोष्टींच्या धास्तीने तो सकाळी अंथरुणातून उठायलाच तयार नसे.

घरी शिकवण्यासाठी आम्ही वर्षभराचे शुल्क भरून एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. त्यातला प्रत्येक धडा व्हिडिओने सुरू होतो आणि तेवढा भाग त्याला मनापासून आवडतो. परंतु व्हिडिओ संपला की पडद्यावर लेखी सूचना येते, मग लेखी प्रश्न आणि त्याखाली चार लेखी पर्याय. गणितात त्याची समज चांगली आहे. तरीही ‘खालीलपैकी सर्वांत लहान संख्या कोणती’ एवढे वाचता न आल्यामुळे त्याचे उत्तर चुकते, आणि उत्तरे चुकत गेली की तो कार्यक्रम आपोआप त्याला खालच्या इयत्तेचे धडे देऊ लागतो. म्हणजे ज्याला गुणाकार तोंडी येतो तो मुलगा गेले दोन महिने चित्रातले फुगे मोजत बसला आहे.

आणखी एखाद्या अभ्यासक्रमासाठी पैसे भरण्याची आमची ऐपत नाही, आणि पुन्हा तीच चूक करण्याची हिंमतही नाही. विनामूल्य किंवा अगदी कमी खर्चाची, वाचता न येणाऱ्या मुलाला खरोखर वापरता येतील अशी साधने कोणाला माहीत असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

अक्षरवेल

मी वाचनाची अडचण असलेल्या मुलांबरोबर विशेष शिक्षिका म्हणून काम करते. तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय साधनांची निवड चुकतच राहील. मुलाला वाचायला कसे शिकवावे, हा पहिला प्रश्न. वाचता येईपर्यंत त्याचे गणित, विज्ञान, इतिहास आणि गोष्टी हे सगळे कसे चालू ठेवावे, हा दुसरा. पहिल्यासाठी दिवसातली वीस मिनिटे पुरतात, पण ती रोज आणि ठरलेल्या क्रमाने द्यावी लागतात. दुसऱ्यासाठी उरलेला सगळा वेळ आहे आणि त्यात वाचनाची अट कोठेही असता कामा नये. तुम्ही घेतलेल्या अभ्यासक्रमाने ही दोन कामे एकमेकांत गुंतवली, म्हणून मुलाचे दोन्हीकडे नुकसान झाले.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाची एक साधी मांडणी केली, जी आजही आमच्या कामाचा पाया आहे. वाचून समजणे म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले बोललेली भाषा समजण्याची क्षमता. त्यांनी बेरीज न करता गुणाकार मांडला, हे महत्त्वाचे आहे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही चांगली असली तरी गुणाकार शून्यच येतो. त्यामुळे तुमच्या मुलाची नेमकी कोणती बाजू अडली आहे, हे आधी कळायला हवे.

म्हणून काही विचारते. त्याची दृष्टी आणि श्रवण तपासले आहे का? तुम्ही एखादी मोठी गोष्ट वाचून दाखवली तर ती त्याला समजते का आणि परत सांगता येते का? ‘कमळ’ या शब्दातला पहिला आवाज काढून टाकल्यास काय उरेल, असे तोंडी विचारले तर तो सांगू शकतो का? आणि तुम्ही त्याला कोणत्या भाषेत वाचायला शिकवत आहात?

सांजवारा

दृष्टी आणि श्रवण दोन्ही तपासले असून दोन्ही व्यवस्थित आहे. वाचून दाखवलेली गोष्ट तो शब्दशः लक्षात ठेवतो. मी एखादे पान गाळले तर लगेच सांगतो. ‘कमळ’चा प्रश्न मी काल रात्री विचारला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग ‘फूल’ असे म्हणाला. त्याला आवाज वेगळे काढता येत नाहीत, हे मला काल पहिल्यांदा समजले आणि इतकी वर्षे मी त्याला ‘लक्ष दे, नीट बघ’ असे म्हणत आले याचे फार वाईट वाटले.

घरी आम्ही मराठी बोलतो. मात्र विनामूल्य मिळणारी वाचनाची साधने बहुतेक इंग्रजीत असल्याने मी इंग्रजी अक्षरांपासून सुरुवात केली होती. धाकटी बहीण सहा वर्षांची आहे आणि ती आता वाचू लागली आहे. ती वाचायला बसली की तो खोलीतून निघून जातो.

अक्षरवेल

‘फूल’ हे उत्तर फार बोलके आहे. त्याने शब्दाचा अर्थ पकडला, पण शब्द हा आवाजांचा बनलेला असतो याकडे त्याचे मन वळलेच नाही. डिस्लेक्सियामध्ये, म्हणजे शब्द अचूक व सहज वाचायला शिकण्यातल्या मूळच्या अडचणीत, बहुधा हीच गोष्ट मुळाशी असते. अक्षरे उलटी दिसतात हा समज सर्वत्र पसरलेला असला तरी अडचण डोळ्यांची नसून भाषेतल्या ध्वनींची असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत भिंगे यांना या अडचणीवरील उपचार म्हणून पुरेसा आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. तुमच्याकडे खर्चाला मर्यादा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते: अशा उपायांवर पैसे घालवू नका. विशिष्ट आकाराच्या ‘डिस्लेक्सिया फॉन्ट’नेही वाचन सुधारल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. अक्षरांमध्ये अंतर वाढवल्याने काही मुलांना सोपे जाते आणि ते कोणत्याही संगणकावर फुकट करता येते.

निदान करू शकणाऱ्या तज्ज्ञाकडे जाणे शक्य असेल तेव्हा जरूर जा, परंतु त्यासाठी शिकवणे थांबवू नका, कारण निदान काहीही झाले तरी पहिली पायरी हीच राहणार आहे.

आता भाषेविषयी. सुरुवात मराठीतूनच करा. सिमूर, आरो आणि अर्स्किन यांनी २००३ मध्ये युरोपातील तेरा भाषांमधल्या पहिल्या पायरीच्या वाचकांची तुलना केली, तेव्हा फिनिशसारख्या जसे लिहिले तसे उच्चारायच्या भाषांच्या तुलनेत इंग्रजी शिकणारी मुले खूपच मागे असल्याचे दिसले. दोष मुलांचा नव्हता. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात आणि अक्षराचे नाव व त्याचा आवाज हे वेगळे असतात. देवनागरीत ‘म’ चे नाव ‘म’ आणि आवाजही ‘म’. ज्या मुलाला आवाज पकडणे हेच अवघड आहे त्याच्यासाठी ही मोठी सवलत आहे.

पहिले दोन-तीन आठवडे अक्षरे बाजूला ठेवा आणि केवळ कानाचे काम करा. ‘कमळ’ म्हणत तीन टाळ्या वाजवायच्या. मग प्रत्येक टाळीला एक बटण पुढे सरकवायचे. मग पहिले बटण काढून ‘आता काय उरले?’ असे विचारायचे. एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञाने मुलांना शब्दातल्या प्रत्येक आवाजासाठी एक सोंगटी चौकटीत सरकवायला लावली होती. आपण तीच रीत मराठीला लावतो. याला कोणतेही ॲप लागत नाही, आणि माझ्या मते या टप्प्यावर ॲप नसलेलेच बरे, कारण मुलाचा आवाज ऐकून तिथल्या तिथे दुरुस्त करणारा माणूस समोर हवा.

त्यानंतर अक्षरे शिकवा, पण ‘क ख ग घ’ या क्रमाने नको. क, म, न, र, ब, स एवढी सहा अक्षरे घेतली की ‘बस, कर, मन, रस, नरम, सरक’ हे शब्द लगेच वाचता येतात. त्यात फक्त काना मिळवला की ‘काका, काम करा’ हे पूर्ण वाक्य तयार होते. नऊ वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा अंदाज न करता अख्खे वाक्य वाचले, तर त्याचा परिणाम तुम्हाला त्याच्या बसण्यातच दिसेल. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, थ आणि य या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्के झाल्यावर दुसरे. ‘ख’ आणि ‘रव’ यांच्याकडेही लक्ष ठेवा. पहिली वेलांटी उशिरा घ्या, कारण ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे आधी येते आणि तिचा उच्चार मात्र ‘क’ च्या नंतर होतो. डावीकडून उजवीकडे एकेक आवाज जोडायला नुकत्याच शिकलेल्या मुलाला यामुळे आपण शिकलो ते खोटे होते की काय, असे वाटते.

पायवाट

अक्षरवेल यांनी म्हटलेल्या दुसऱ्या कामाविषयी मी लिहितो, कारण माझ्या मुलीसाठी तीन वर्षे आम्ही तेच केले आणि त्यासाठी जवळजवळ काहीही खर्च आला नाही.

सर्वप्रथम, कोणतेही साधन घेण्यापूर्वी आम्ही एक चाचणी करायचो. मुलीला ते उघडून द्यायचे, मी शेजारी गप्प बसायचे आणि ती कोठे अडते ते पाहायचे. व्हिडिओवर कोणीच अडत नाही. अडते ते नंतरच्या सरावात, सूचनेत, ‘पुढे जा’ या बटणात, निकालाच्या पानावर. ‘पूर्णपणे दृकश्राव्य’ अशी जाहिरात असणाऱ्या कित्येक कार्यक्रमांत पहिल्या पाच मिनिटांत आम्हाला लेखी सूचना सापडल्या.

या कसोटीवर उतरलेली काही साधने सांगतो. खान अकादमी हे व्हिडिओ धड्यांचे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि तिथली समजावून सांगण्याची पद्धत उत्तम आहे, पण सराव लेखी असल्याने सरावाच्या वेळी मी प्रश्न वाचून दाखवत असे आणि उत्तर तिने सांगायचे, असा आमचा नियम होता. त्याच संस्थेचे खान अकादमी किड्स हे ॲप सूचना बोलून दाखवते, परंतु ते आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असल्यामुळे तुमच्या मुलाला बालिश वाटण्याचा संभव आहे. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प जरूर पाहा. कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला आणि त्यातील प्रयोग विनामूल्य आहेत. विजेचे मंडल जोडणे, तराजू समतोल करणे, घर्षण कमीजास्त करून पाहणे अशा गोष्टी मूल हाताने सरकवून शिकते आणि वाचण्यासारखे त्यात फार थोडे असते. माझी मुलगी तिच्यापेक्षा मोठ्या मुलांचे विज्ञान यातून शिकली, कारण तिला कोणी इयत्ता विचारली नाही. स्क्रॅच ज्युनिअर हे २०१४ मध्ये आलेले, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे ॲप तर वाचता न येणाऱ्यांचा विचार करूनच बनवले आहे. त्यात आज्ञा शब्दांत नसून चित्रांच्या ठोकळ्यांत आहेत. ते पाच ते सात वयासाठी आहे असे म्हणतात, पण नऊ वर्षांचे मूल त्यात पुष्कळ गुंतागुंतीची गोष्ट रचू शकते.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे. तिथे मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके मुक्त परवान्याखाली आहेत आणि काही पुस्तके ऐकत ऐकत पाहता येतात. इंग्रजी समजत असेल तर लिब्रीव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली, हक्कमुक्त झालेली पुस्तके २००५ पासून जमा होत आली आहेत. वाचकागणिक दर्जा बदलतो, त्यामुळे आधी स्वतः दहा मिनिटे ऐकून घ्यावे.

फोनमध्ये आधीपासून असलेल्या सोयी बहुतेक पालकांना माहीत नसतात. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू केले की बोट लावलेला मजकूर फोन वाचून दाखवतो, आणि गूगलच्या आवाजांत मराठी आहे. आयफोनमध्ये ‘स्पीक स्क्रीन’ आहे. मायक्रोसॉफ्टचे ‘इमर्सिव्ह रीडर’ शब्द ठळक करत वाचते, ओळींमधले अंतर वाढवते आणि एका वेळी एकच ओळ उघडी ठेवून बाकीच्या झाकते. लिहिण्यासाठी बोलून टंकन करण्याची सोय मराठीत आहे, त्यामुळे मूल निबंध तोंडी सांगू शकते. यंत्राचा आवाज मात्र ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतल्या ‘च’ मध्ये अधूनमधून गोंधळ करतो, म्हणून नवीन शब्द यंत्राकडून शिकवू नयेत. ते आपण उच्चारावेत.

जुनेपान

मला थोडी वेगळी शंका मांडायची आहे आणि ती कोणाला दुखावण्यासाठी नाही. सगळेच ऐकून मिळत असेल तर मूल वाचण्याचे कष्ट का घेईल? माझ्या नात्यातील एका मुलाला सर्व काही मोबाइल वाचून दाखवतो आणि तो आता पुस्तक हातात धरायलाही तयार नाही. गरजेपोटी माणूस शिकतो, असे मला वाटते.

निळीशाई

जुनेपान, तुमची शंका प्रामाणिक आहे, म्हणून स्वतःचा अनुभव सांगते. मला बारा वर्षांची होईपर्यंत वाचता येत नव्हते. गरज मला इतर कोणाहीपेक्षा जास्त होती, रोज सगळ्या वर्गासमोर होती, आणि तिने मला वाचायला शिकवले नाही. तिने मला पाठ करायला, पोटदुखीचे निमित्त सांगायला आणि चष्मा विसरल्याचे खोटे बोलायला शिकवले. वाचायला शिकवले ते माझ्या आत्याने, रोज थोडे थोडे, आवाजापासून सुरुवात करून. आणि जेव्हा मला अक्षरे उलगडू लागली तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट मदतीला आली. माझे वडील मला लहानपणापासून वृत्तपत्र, प्रवासवर्णने, शोधांच्या कथा असे सगळे वाचून दाखवत असत. त्यामुळे ‘ज्वालामुखी’ किंवा ‘राजदूत’ हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ते माझ्या ओळखीचे होते; अर्धा शब्द उलगडताच उरलेला मनात तयार असे. ऐकलेले नसते तर मला तेव्हा अक्षरे आणि जग दोन्ही एकदम शिकावे लागले असते.

सांजवारा, तुमचा मुलगा बहीण वाचू लागली की निघून जातो, हे वाचून मला माझी खोली आठवली. कृपया त्याच्यासमोर दोघांची तुलना होऊ देऊ नका आणि त्याच्या वाचनाची वीस मिनिटे बंद दारामागे ठेवा. सशाच्या आणि चिमणीच्या बाळपुस्तकांतून त्याला शिकवू नका. तो रोज तुम्हाला जे सांगतो त्यातली दोन वाक्ये त्याच्याच शब्दांत लिहा आणि तेच त्याचे पुस्तक करा.

अक्षरवेल

निळीशाई यांनी सांगितले त्याला संशोधनात नाव आहे. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्येच दाखवून दिले की जे मूल वाचत नाही त्याचा शब्दसंग्रह आणि ज्ञान मागे पडते, आणि ते मागे पडल्यामुळे वाचन आणखी अवघड होते. ऐकणे हे चक्र तोडते. मात्र जुनेपान यांच्या शंकेतला एक भाग बरोबर आहे: ऐकण्याने वाचन येत नाही. ठळक होत जाणाऱ्या शब्दांकडे पाहत गोष्ट ऐकली तर मूल शब्दांकडे पाहीलच असे नाही, आणि पाहिले तरी आवाज जोडायला त्यातून कोणी शिकवत नाही. म्हणून वीस मिनिटांचा धडा कोणत्याही कारणाने चुकवायचा नाही.

मुलाच्या स्वतःच्या वाक्यांच्या पुस्तकात मी एक छोटी दुरुस्ती सुचवते. जी अक्षरे शिकवून झाली आहेत ती त्याने वाचावीत आणि उरलेले शब्द तुम्ही वाचावेत. शिकवलेली अक्षरे असलेले शब्द एका रंगात लिहिले की कोणाची पाळी ते त्याला कळते आणि अंदाज करण्याची वेळ येत नाही.

दूरदिवा

माझ्या मुलीची दृष्टी अधू असल्यामुळे तिला छापील मजकूर वाचता येत नाही. वर सांगितलेले तिलाही लागू होईल का?

पायवाट

दूरदिवा, ऐकण्याची साधने लागू होतील, पण तुमच्या मुलीला पडद्यावरचे सगळेच ऐकायला लागेल, त्यामुळे पूर्ण स्क्रीन रीडर हवा. विंडोजसाठी एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर आहे. दोन दृष्टिहीन प्रोग्रॅमरांच्या पुढाकाराने २००६ मध्ये त्याची सुरुवात झाली. श्राव्य पुस्तके डेझी या स्वरूपात मिळाल्यास तिला हव्या त्या प्रकरणावर किंवा पानावर थेट जाता येईल. आणि तिला ब्रेल शिकवणारी व्यक्ती जरूर शोधा, कारण शुद्धलेखन कानाने येत नाही.

यात सांजवारा यांच्याही उपयोगाची एक गोष्ट आहे. दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींना पुस्तके वापरता येतील अशा रूपात मिळावीत यासाठी २०१३ मध्ये मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१६ मध्ये तो अमलात आला. त्यात केवळ दृष्टिदोष नव्हे, तर वाचनाची अक्षमताही स्पष्टपणे धरली आहे. त्यामुळे बुकशेअरसारख्या ग्रंथालयांचे सभासदत्व डिस्लेक्सिया असलेल्या मुलांनाही मिळू शकते. त्यासाठी तज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागते आणि सवलती देशागणिक वेगळ्या असतात, म्हणून निदानाचा कागद मिळाला की पहिला अर्ज तिथे करावा.

सांजवारा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभार. काल त्याने फेटमधला विजेचा प्रयोग दीड तास केला आणि बहिणीला बोलावून दिवा का लागत नाही ते समजावून सांगितले. कितीतरी दिवसांनी तो तिला काहीतरी शिकवत होता.

एक शेवटची शंका आहे. पुढे इंग्रजी वाचन सुरू करताना किंवा कधी पैसे देऊन वाचनाचा कार्यक्रम घेतलाच तर तो चांगला आहे हे आधी कसे ओळखावे? ‘तीस दिवसांत वाचन’ अशा जाहिराती मला रोज दिसत आहेत.

अक्षरवेल

दिवसांची हमी देणाऱ्या कार्यक्रमापासून दूर राहा. चांगल्या कार्यक्रमात काय पाहावे ते सांगते. त्यात आवाजांचा आणि अक्षरांचा ठरलेला क्रम छापलेला असावा आणि तो पैसे भरण्यापूर्वी पाहायला मिळावा. मूल कोठून सुरू करील हे ठरवणारी चाचणी असावी, आणि ती चाचणी मुलाने मोठ्याने बोलून द्यायची असावी. वाचायला दिलेल्या वाक्यांत शिकवलेलीच अक्षरे असावीत. ‘चित्र पाहून शब्द ओळखा’ किंवा ‘पहिल्या अक्षरावरून अंदाज करा’ असे कोठेही सुचवलेले दिसले तर तो कार्यक्रम तुमच्या मुलासाठी अपायकारक आहे, कारण तो नेमकी तीच सवय पक्की करील जी आपण मोडत आहोत. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० मध्ये आपल्या अहवालात ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनी संबंध, ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन असे पाच भाग सांगितले. त्यातले पहिले दोन ज्या कार्यक्रमात घाईघाईने उरकले आहेत तो घेऊ नका.

इंग्रजीसाठी पैसे न देताही पुष्कळ मिळते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या ‘यूफ्ली’ कार्यक्रमाचे शिक्षक-पुस्तक विकत असले तरी त्याच्या धड्यांच्या स्लाइड, खेळ आणि वाचनाचे उतारे संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. फ्लोरिडातील वाचन संशोधन केंद्राने मुलांसाठी केलेले सराव छापून घेता येतात. ‘टीच युवर मॉन्स्टर टू रीड’ हा खेळ संगणकावर विनामूल्य आहे आणि त्यातल्या सूचना बोलून दिल्या जातात, पण तो सरावापुरता वापरावा. मात्र ही घाई आता नको. मराठीत बाराखडी सहज होईपर्यंत इंग्रजी कानावर पडू द्या, डोळ्यांपुढे नको.

सांजवारा

साडेतीन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. रोजची वीस मिनिटे आम्ही पाच-सहा दिवसांचा अपवाद वगळता चुकवली नाहीत. आवाज वेगळे करायला त्याला तीन नव्हे, सहा आठवडे लागले आणि त्या काळात मला अनेकदा वाटले की यातून काहीही होणार नाही. त्यानंतर अक्षरे मात्र वेगाने आली. काना, दोन्ही वेलांट्या, उकार आणि मात्रा असलेले शब्द तो आता सावकाश पण अंदाज न करता वाचतो. मागच्या आठवड्यात बहिणीने दारावर ‘आत नको’ अशी चिठ्ठी लावली होती. ती त्याने स्वतःहून वाचली, हे मला तो दारापाशी थबकून तिला ‘का?’ असे विचारत होता त्यावरून कळले.

जुना अभ्यासक्रम आम्ही बंद केला. गणिताचे प्रश्न मी वाचते, उत्तर तो सांगतो, आणि तो आता अपूर्णांक शिकत आहे.

आता जोडाक्षरे आली आहेत. ‘पक्का’, ‘गल्ली’, ‘मस्त’ येथपर्यंत ठीक चालले होते, पण ‘र’ आला की सगळे कोलमडते. ‘चक्र’, ‘सूर्य’, ‘ट्रक’, ‘दुसऱ्या’ या प्रत्येकात र वेगळा दिसतो आणि तो रडकुंडीला येतो.

अक्षरवेल

तुमची ही नोंद मी दोनदा वाचली. सहा आठवडे काहीही दिसत नसताना तुम्ही थांबला नाहीत, त्याचेच हे फळ आहे.

‘र’ साठी पुन्हा कानाकडे जा. चारही रूपे एकदम दाखवू नका. आधी त्याला फक्त ऐकून सांगू द्या की र जोडीतल्या दुसऱ्या आवाजाच्या आधी आला की नंतर. ‘चक्र’ मध्ये क आधी आणि र नंतर. ‘सूर्य’ मध्ये र आधी आणि य नंतर. हे त्याला बटणांनी दाखवता येऊ लागले की मग लिखाणाचा नियम द्या: नंतर ऐकू आलेला र पायाशी जातो, आधी ऐकू आलेला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. दोन आठवडे केवळ पायाशी येणारा र घ्या, ‘चक्र’ आणि ‘ग्रह’ असे शब्द. ‘ट्रक’ मधले रूप त्याच गटात शेवटी. रफार त्यानंतर. ‘दुसऱ्या’ मधला र सर्वांत शेवटी घ्या आणि तो ‘दर्या’ व ‘दऱ्या’ या जोडीने शिकवा, कारण एक समुद्र आणि दुसऱ्या डोंगरातल्या, आणि उच्चारातला फरक त्याच्यासारख्या कान तयार झालेल्या मुलाला नक्की ऐकू येईल.

रफाराचे शब्द वाचायला देण्याआधी लिहायला द्या. तुम्ही ‘सूर्य’ म्हणा, र वर क्षणभर थांबा आणि मग य म्हणा. त्याने आधी सू लिहावा, मग य, आणि मघाशी थांबलेला र शेवटी त्या य च्या डोक्यावर ठेवावा.